आमचा मंगळवारचा गोधडी गट (नाशिक)

गोदाकाठ | सोमवार, सकाळी ११.०५

मागे एका धाग्यावर "आई दिवसभर घरात एकटी असते, काय करावं?" असा प्रश्न आला होता. तिथे मी आमच्या गोधडी गटाबद्दल दोनच ओळी लिहिल्या होत्या. नंतर बऱ्याच जणींनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून सविस्तर लिहायला सांगितलं, म्हणून हा वेगळा धागा.

माझी आई ७६ वर्षांची. लग्न होऊन पंचवटीतल्या वाड्यात आली आणि पन्नासेक वर्षं तिथेच राहिली. वाडा पाडायचं ठरलं तेव्हा ती आमच्याकडे इंदिरानगरला आली. फ्लॅट चांगला आहे, उजेड भरपूर, लिफ्ट आहे. पण वाड्यात दार दिवसभर उघडं असायचं, इथे ते दिवसभर लावलेलं. पहिले सहा महिने ती घरातल्यांशिवाय कुणाशी बोलली नाही. ज्येष्ठ नागरिक संघात नाव घातलं. दोनदा गेली आणि "तिथे जाऊन नुसतं बसायचं काय?" म्हणून थांबली. मला तेव्हा तिचा राग आला होता. आता वाटतं, तिने दुखणं अगदी नेमकं सांगितलं होतं.

नवरात्राआधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुवायची आपली पद्धत. वाड्यात असताना बायका गोधड्या घेऊन थेट गोदाघाटावर जायच्या. इथे मी मशीनमध्ये धुऊन गच्चीवर वाळत घातल्या. बी विंगच्या एक काकू कपडे काढायला आल्या होत्या. त्यांनी आमच्या एका गोधडीचा काठ हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि विचारलं, "ही भरली कुणी? टाका बघा कसा, सगळा एका मापाचा." मी आईचं नाव सांगितलं. काकू त्याच पावली आमच्या घरी आल्या. दोघी दोन तास बोलत बसल्या. विषय एकच, कुणाच्या माहेरी गोधडीत काय काय घालत.

पुढच्या मंगळवारी दोघींनी पार्किंगमध्ये सतरंजी घातली. दिवाळीपर्यंत सात जणी झाल्या. आता सोसायटीच्या हॉलमध्ये बसतो, मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी तीन ते पाच. दोन हिवाळे झाले.

मला सांगायचं आहे ते पुढचं. गोधडीला चार बाजू असतात. मध्ये जुन्या धोतरांचे नाहीतर लुगड्यांचे थर, वर ठिगळं, खाली अस्तर, कच्चे टाके घालून सगळं एकत्र धरलेलं. मग चौघी चार बाजूंना बसतात आणि धावदोरा घालत आत सरकत येतात. एक जण आली नाही की तिची बाजू तशीच राहते. ती राहिलेली सगळ्यांना दिसते, आणि तिघी पुढे गेल्या तर कापड चौथीकडे फुगतं, सुरकुती पडते. म्हणजे तिची वाट बघावीच लागते.

पहिल्या हिवाळ्यात आमच्यातल्या एक काकू सलग दोन मंगळवार आल्या नाहीत. फोनवर म्हणाल्या, घरी पाहुणे आहेत. आई आणि बी विंगच्या काकू त्यांच्याकडे गेल्या, तर पाहुणे कुणीच नव्हते. सुईत दोरा ओवता येईना, आणि ते सांगायची लाज वाटत होती, एवढंच कारण. मोतीबिंदू पिकला होता. घरच्यांनाही पत्ता नव्हता, कारण टीव्ही त्या ऐकायच्या आणि स्वयंपाक सवयीने करायच्या. डिसेंबरात ऑपरेशन झालं. भजनाला किंवा बागेत त्या आल्या नसत्या तर "येतील पुढच्या वेळी" म्हणून आपण सोडून दिलं असतं.

प्रश्न असतील तर विचारा. आईला विचारून उत्तरं देईन.

---

निफाडची थंडी | सोमवार, दुपारी १२.४०

ताई, वाचून आजी आठवली. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत द्राक्षबागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात, इतकी थंडी पडते. त्या थंडीत ब्लँकेट कामाचं नाही. आजीची वाकळ अंगावर घेतली की तिच्या वजनानेच झोप लागायची. लहानपणी मी बोट फिरवत "हे आत्याचं परकर, हा आजोबांचा सदरा" असं मोजत झोपायचो.

आमच्या गावात एक बाई घरोघर जाऊन गोधड्या भरून द्यायच्या. दोन-तीन दिवस त्या घरी मुक्काम, जेवणखाण तिथेच. सगळ्या गावाच्या बातम्या त्यांच्याकडे असत. आता गावात कुणी भरत नाही, तालुक्याला तयार रजया मिळतात.

दोरा कोणता वापरता? आणि हल्लीच्या साड्यांची होते का? घरात सुती लुगडं एकही उरलेलं नाही.

---

गोदाकाठ | सोमवार, दुपारी २.१५

@निफाडची थंडी, दोरा जाड सुती, दुहेरी करून. पॉलिस्टरचा दोरा जुन्या मऊ कापडाला कापतो, दोन धुण्यांत कापडाला भोकं पडतात. जॉर्जेट, नायलॉन, सिंथेटिक साड्या पोटात घालायच्याच नाहीत. घसरतात, थर एकमेकांना धरत नाहीत आणि सुईला बोट फार दाबावं लागतं. वरच्या ठिगळांत एखादी चालते.

सुती कापडासाठी आम्ही जुन्या चादरी, कॉटनचे ड्रेस, ओढण्या, लहान मुलांची दुपटी, पंचे असं काहीही घेतो. आमच्या विंगमधल्या तीन घरांनी बोहारणीला कापड देणं थांबवून आम्हाला द्यायला सुरुवात केली. तेव्हा बोहारीण एकदा हॉलमध्ये आली. आम्हाला वाटलं आता बोलणी बसणार. ती अर्धा तास बसली, बी विंगच्या काकूंना कोपरा वळवायची तिच्या गावची रीत दाखवली आणि गेली. आता तीच आम्हाला गठ्ठ्यातली मऊ लुगडी काढून ठेवते. आम्ही तिला पैसे देतो, भांडी मागत नाही ती.

थर किती, हेही सांगते. चारच्या वर नको. बायकांना वाटतं जास्त थर म्हणजे जास्त ऊब. पण संधिवाताच्या बोटांनी सहा थरांतून सुई निघत नाही आणि मग बाई यायची बंद होते.

---

वाचनवेडा | सोमवार, दुपारी ४.०२

"नुसतं बसायचं काय?" या तुमच्या आईंच्या वाक्याला संशोधनाचा आधार आहे.

अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस शाखेत डेनिस पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६० ते ९० वयाच्या दोनशेहून अधिक लोकांना वेगवेगळ्या गटांत घातलं. निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. एक गट गोधडीकाम शिकला, एक डिजिटल फोटोग्राफी, एक दोन्ही. तीन महिने, आठवड्याला सरासरी १५ तासांच्या आसपास. आणखी एक गट फक्त भेटायचा, गप्पा, खेळ, सहली. त्यात नवीन काही शिकायचं नव्हतं. शेवटी चाचण्या घेतल्या तेव्हा घडलेल्या गोष्टी लक्षात राहण्याची शक्ती नवीन कौशल्य शिकणाऱ्यांची सुधारलेली दिसली. नुसत्या भेटीगाठींच्या गटात तसा फायदा दिसला नाही.

यात एक अट आहे. तिथे लोक नवीन शिकत होते, हाताला सवय असलेलं काम करत नव्हते. तुमच्या आईंना धावदोरा पन्नास वर्षं येतो. त्यांच्या मेंदूला त्यातून तेवढाच व्यायाम मिळत असेल असं या अभ्यासावरून म्हणता येणार नाही. शिकाऊ बायकांना मात्र हे लागू पडू शकेल.

दुसरी गोष्ट एकटेपणाची. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये यासाठी स्वतंत्र आयोग नेमला. त्याच्या २०२५ च्या अहवालात जगातली दर सहा माणसांतली एक व्यक्ती एकटेपणाने ग्रासलेली आहे आणि त्याच्याशी जोडलेले मृत्यू वर्षाला ८ लाख ७१ हजारांवर आहेत असा अंदाज दिला आहे. हा म्हाताऱ्या माणसांचा हट्ट किंवा चोचले नाहीत, हे घरातल्या कर्त्या माणसांनी समजून घ्यायला हवं.

---

सिडकोवाला | सोमवार, सायंकाळी ६.३०

उपक्रम चांगला आहे, विरोध नाही. पण आपल्याकडे भजनी मंडळं, हास्यक्लब, विरंगुळा केंद्रं आहेतच की. आणि हे शेवटी बायकांचंच राहणार. माझे वडील आई गेल्यापासून सकाळी पेपर वाचतात आणि दिवसभर गॅलरीत बसतात. त्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी कुणीच काही काढत नाही.

---

सातपूरकर | सोमवार, रात्री ९.१०

सिडकोवाला, तुमच्या वडिलांचं वाचून राहवलं नाही.

मी ६९. सातपूर एमआयडीसीत ३४ वर्षं फिटर होतो. निवृत्त झाल्यावर पहिलं वर्ष झोप काढण्यात गेलं, दुसरं वर्ष बायकोच्या डोक्याशी कटकट करण्यात. ती वरच्या गटासारख्याच एका घरगुती गटात जायला लागली (आमचा कामगारनगरकडे आहे, गोदाकाठ ताईंचा नव्हे). तिला खाली बसून गुडघे धरायचे. तिने विचारलं, कापड ताणून धरणारं काही करता येईल का, म्हणजे खुर्चीवर बसून शिवता येईल.

चार लाकडी पट्ट्या, चार बोल्ट, खाली टेकू द्यायला दोन लाकडी घोडे. उंची बाईच्या कोपराच्या खाली चार बोटं. एवढंच काम, पण मी त्यावर तीन आठवडे घातले. पहिली चौकट डगडगली. दुसरीचे बोल्ट वर निघाले आणि त्यात दोरा अडकायला लागला. तिसरी बसली. मग शेजारच्या गटाला हवी झाली. आता आम्ही चार म्हातारे शनिवारी माझ्या शेडमध्ये असतो. एकजण एचएएलमधून (विमान कारखान्यातून) निवृत्त, एक सुतार, एकाला काहीच येत नाही, तो पॉलिशपेपर घासतो आणि चहा आणतो. आतापर्यंत अकरा चौकटी झाल्या.

वडिलांना शनिवारी सकाळी दहाला पाठवा. समोरासमोर बसवून "बोला" म्हटलं तर पुरुष बोलत नाहीत. रंधा चालू असला की आपोआप बोलतात. त्या सुताराची बायको गेलेली आम्हाला तीन महिन्यांनी कळलं, तेही फळी धरलेली असताना.

---

वाचनवेडा | सोमवार, रात्री ९.४८

@सातपूरकर, ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकापासून 'मेन्स शेड' नावाने हेच चालतं. निवृत्त पुरुष एकत्र येऊन लाकूडकाम, दुरुस्त्या करतात. पुढे ते ब्रिटन-आयर्लंडमध्येही पसरलं. तुम्ही स्वतःच तिथवर पोचलात याचा फार आनंद झाला.

---

बागलाणची सून | मंगळवार, सकाळी ७.२०

मी गोदाकाठ ताईंच्याच गटातल्या एका आजींची सून. त्यांना विचारून लिहिते आहे.

सासूबाई सटाण्याकडच्या खेड्यातल्या. सासरे गेल्यावर इथे आल्या. त्यांची बोली अहिराणी. सोसायटीत सुरुवातीला कुणीतरी त्यांच्या बोलण्यावर हसलं, वाईट हेतूने नसेल, पण त्या मनाला लावून बसल्या. मग लिफ्टमध्ये कुणी भेटलं की मान हलवायच्या, बोलायच्या नाहीत. मला वाटायचं स्वभावच अबोल. गावी मात्र त्या साऱ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलतात.

मी त्यांना गटात ओढत नेलं. तिथे एक नवशिक्या काकू ठिगळ कडेला दुमडत होत्या आणि ते सारखं निसटत होतं. सासूबाईंनी काही न बोलता त्यांच्या हातातून सुई घेतली आणि दुमडून दाखवलं. मग दुसरीने, मग तिसरीने. चौथ्या-पाचव्या आठवड्यात त्या शिकवताना बोलायला लागल्या, आणि शिकवताना त्यांच्या तोंडी अहिराणीच येते, कारण हे काम त्या आईकडून अहिराणीतच शिकल्या. परवा बी विंगच्या काकूंनी जिन्यातून हाक मारली, "कशी शे माय?" सासूबाई घरात येऊन दोन वेळा मला सांगत होत्या, की काकूंनी असं विचारलं.

घरात आम्ही सगळे त्यांची काळजी घेत होतो. औषधं, फळं, चालायच्या चपला. त्यांना काही येतं आणि ते कुणाला तरी हवं आहे, हे मात्र आम्ही त्यांना दोन वर्षांत कधी जाणवू दिलं नव्हतं.

---

रंगीत ठिगळं | मंगळवार, सकाळी १०.३५

मी गोधड्यांचा छोटा व्यवसाय करते, म्हणून स्पष्ट लिहिते. हाताने भरलेल्या गोधडीला शहरात चांगली किंमत मिळते. तुमच्या गटातल्या आज्या महिना-दीड महिना राबून जे करतात ते फुकट वाटून टाकणं मला पटत नाही. बायकांच्या कामाला "वेळ जायला करतात" म्हणायची सवय आपणच लावली आहे. विका, पैसे वाटून घ्या. मी मदत करेन.

---

गोदाकाठ | मंगळवार, दुपारी १.१०

@रंगीत ठिगळं, आम्ही हे करून पाहिलं आहे. गेल्या वर्षी एका दुकानाने बारा गोधड्यांची ऑर्डर दिली. दोन महिन्यांची मुदत. पहिल्या आठवड्यात सगळ्यांना हुरूप. तिसऱ्या आठवड्यात कुणी किती टाके घातले याची मोजदाद सुरू झाली. ज्यांचा हात कापतो त्या आजींचे टाके रात्री कुणीतरी उसवून परत घातले, आणि ते आजींच्या लक्षात आलं. त्या महिनाभर आल्या नाहीत. ऑर्डर पुरी केली, पैसे वाटले, पण पुन्हा घेतली नाही.

तुमचा मुद्दा मला खोडता येत नाही. दोघींना त्या पैशांची खरंच गरज होती, आणि त्या अजूनही विचारतात. त्यांची सोय तुमच्याकडे होईल का? व्यनि करते.

---

वाचनवेडा | मंगळवार, दुपारी १.५५

दोन्ही बाजूंना इतिहास आहे. अमेरिकेतल्या अलाबामात १९६६ मध्ये नागरी हक्क चळवळीच्या काळात कृष्णवर्णीय बायकांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था काढली. गोधड्या विकून आलेला पैसा घरात आला. त्याच भागातल्या गीज बेंड वस्तीतल्या बायकांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून केलेल्या गोधड्या २००२ पासून मोठ्या कलासंग्रहालयांत लागल्या आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आल्या.

जवळचंच उदाहरण म्हणजे उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी समाजाच्या कवंदी, म्हणजे त्यांच्या गोधड्या. त्या कडेपासून गोल गोल आत शिवत जातात आणि कोपऱ्यांना त्रिकोणी घड्या घालतात, त्यांना फुला म्हणतात.

---

जेलरोडचा काका | मंगळवार, दुपारी ३.२०

टपाल तिकिटाचं वाचून लिहितो. मी नाशिकरोडच्या तिकिटं छापणाऱ्या प्रेसमधून निवृत्त. आयुष्यभर तिकिटं डोळ्यांखालून गेली. आपल्या गोधडीचं तिकीट निघालेलं बघायला मला फार आवडेल.

नाशिकरोडला असा गट आहे का? पत्नीला विचारायचं आहे. तिच्याकडे तिच्या आईची तीन लुगडी आहेत, पेटीत. ती वापरतही नाही आणि देतही नाही. गेलेल्या माणसाच्या कपड्याची गोधडी करावी का, असं तिच्या मनात आहे. यावर गटात काय म्हणतात?

---

गोदाकाठ | मंगळवार, रात्री ८.४५

काका, आज हॉलमध्ये तुमचा प्रश्न वाचून दाखवला. एक काकू ठाम म्हणाल्या, करू नये, दान द्यावं. बाकीच्यांनी करावी म्हटलं. आई म्हणाली, आपण ज्या गोधड्यांत वाढलो त्यातल्या निम्म्या तशाच होत्या, आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्यातल्याच एकींबद्दल सांगते. त्या नेहमी खिडकीकडच्या बाजूला बसायच्या. टाका लांबट, किंचित उजवीकडे कललेला. जूनमध्ये त्या गेल्या. अर्धी भरलेली गोधडी हॉलच्या कपाटात होती, त्यांची बाजू वीतभर आत आलेली. महिनाभर ती कुणी बाहेर काढली नाही. मग त्यांची मुलगी दोन लुगडी घेऊन आली आणि म्हणाली, यातच घाला. त्यांची बाजू आम्ही आळीपाळीने पुरी केली, पण त्यांचे टाके जिथे संपतात तिथून दोऱ्याचा रंग बदलला, निळ्याचा हिरवा केला. ती गोधडी आता त्यांच्या नातवाकडे आहे. त्याला आम्ही रेघ दाखवली, इथपर्यंत आजी.

---

वाचनवेडा | मंगळवार, रात्री ९.३०

११ ऑक्टोबर १९८७ ला वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉल या मोठ्या मैदानावर एड्सने गेलेल्यांच्या स्मरणार्थ केलेली गोधडी अंथरली होती. १,९२० तुकडे, प्रत्येक तीन फूट बाय सहा फूट, एकेकावर एकेकाचं नाव. बऱ्याच तुकड्यांत त्या माणसाचे कपडे शिवलेले होते. @जेलरोडचा काका, काकूंना हे सांगा.

---

सिडकोवाला | शनिवार, दुपारी २.०५

वडील आज सातपूरला जाऊन आले. मी सोडायला गेलो होतो, दीड तासाने आणायला गेलो तर "थांब जरा, हे घासून होऊ दे" म्हणाले. काका, आभार. पुढच्या शनिवारी त्यांचा जुना पटाशी संच घेऊन येणार आहेत. तो माळ्यावर आहे हे मला आजच कळलं.

---

सातपूरकर | शनिवार, सायंकाळी ५.४०

संच आणू द्या. धार मी लावतो. जेलरोडच्या काकांसाठी एक चौकट तयार आहे, पैसे नकोत, पण न्यायला रिक्षा टेम्पो लागेल. तिकडे गट नसेल तर चार बाया जमल्या की झाला.

---

जेलरोडचा काका | रविवार, सकाळी ९.१५

चौकट बुधवारी नेतो. इकडे दोन शेजारणी तयार आहेत. पण पत्नी म्हणते, आधी एकदा तुमच्याकडे बसून बघते, मग सुरू करते. तिने पेटी उघडली आहे. तीनपैकी एक लुगडं बाजूला काढलंय, हिरव्या काठाचं. मंगळवारी आलं तर चालेल का, आणि तिने बसायचं कुठे?

---

गोदाकाठ | रविवार, सकाळी ९.५०

नक्की या काका. तीनच्या आत पोचा, चहा साडेतीनला असतो. लुगडं आणा, पण कापायचं की नाही ते काकूंनी इथे आल्यावर ठरवू दे, घाई नाही. सुया आमच्याकडे आहेत. त्यांचा जवळचा चष्मा तेवढा आठवणीने आणा.

नवीन गोधडीचे कच्चे टाके शुक्रवारी घालून झाले. खिडकीकडची बाजू मोकळी आहे, काकू तिथे बसतील.